झिजलेल्या साबणांचा देव

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबा, तुम्हाला लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी आधी मागते. रोजनिशी मी तुम्ही होतात तेव्हापासून लिहिते. तिच्यात तुमच्याबद्दल पुष्कळ आहे, पण तुमच्याशी बोलल्यासारखं एकही पान नाही. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. आज संध्याकाळी नेहमीप्रमाणे वही उघडली, "बाबा म्हणायचे की" असं लिहिलं आणि पुढे हात चालेना. आज जे पाहून आले ते तुमच्याविषयी लिहिण्यासारखं नाही, तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

तुमची नात एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं, आणि मी रागावले की तेही हसतच येतं. गाडी तीच चालवते. दोन वर्षांपासून आम्ही दोघी महिन्यातून एखाद्या रविवारी रायपूरच्या बाहेर पडतो आणि तिच्या फोनमधल्या यादीतली एखादी जागा बघून येतो. यादीचं नाव तिने 'अजीब जगहें' ठेवलं आहे. आरतीच्या वेळी अस्वलं येतात ते देऊळ आम्ही पाहिलं. दगडाने ठोकली की पितळेच्या भांड्यासारखी वाजणारी शिळा पाहिली. एका देवीला फुलांऐवजी पाच दगड वाहतात, तिथे मीही पाच दगड वाहिले, आणि घरी येऊन वहीत लिहिलं की हे मी का केलं ते मला सांगता येत नाही. शंकर नगरच्या प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. दिसलं तेवढं लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, ही तिथली शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली आहे की देवळातसुद्धा सुटत नाही. पण खरं सांगायचं तर रस्त्याकडेचं काही विचित्र दिसलं की थांबायची खोड तुमची. स्कूटरचा वेग कमी व्हायचा आणि तुम्ही मागे न बघता म्हणायचात, "थांब, हे काय आहे ते पाहून घेऊ." घरी उशीर झाला की आई बोलायची, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात.

मागच्या आठवड्यात मी ओट्याशी मटार सोलत होते. ती फोन घेऊन आली. "मम्मी, ये सुनो! एक मंदिर है जहाँ कुत्ते की मूर्ति है और उसको साबुन चढ़ता है. नारियल नहीं, फूल नहीं, साबुन! चलें?" मी विचारलं, कुठे? तिने गावाचं नाव सांगितलं. ते तुमच्या दवाखान्याचं गाव होतं.

तुम्ही तिथे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतात आणि शाळेला सुट्टी असली की मला सोबत न्यायचात. मी आठनऊ वर्षांची असेन. महुआच्या झाडाखाली कुत्र्याच्या आकाराचा एक काळा दगड आहे, बाजूला बोरिंग. कुत्रा चावलेला माणूस तिथे येतो, चिमूटभर माती खातो, सात फेऱ्या घालतो आणि घरी जातो. दवाखाना तिथून पाऊण कोसावर, तिथे कुणी येत नाही. येतात ते महिन्या-दोन महिन्यांनी, पाण्याचा लोटा पाहून किंचाळत, आणि तेव्हा तुमच्याकडे किंवा डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी काहीही उरलेलं नसतं. अशा एका माणसाला मी खाटेवर बांधलेला पाहिला होता. तुम्ही मला ओढत बाहेर नेलंत. परतताना तुम्ही स्कूटर त्या झाडाखाली थांबवली, पिशवीतली साबणाची वडी काढली आणि दगडापुढच्या कोनाड्यात ठेवलीत. जखम लगेच साबणाने पाव घंटा धुतली तरी अर्धं काम होते, असं तुम्ही मला सांगितलंत. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्या वडीला कुंकू लावलेलं. तुम्ही हसत हसत खालीच बसलात. "घे! माझ्या साबणाले देव करून टाकलं यायनं!"

मग पुरानी बस्तीतल्या आपल्या स्वयंपाकघरातली ती सकाळ येते. ती मला आठवायची नव्हती, पण ह्या आठवड्यात रोज आठवली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजातल्या विज्ञान मंडळात नुकतीच गेले आहे, दर शनिवारी आम्ही कुणाचा ना कुणाचा बुवा उघडा पाडतो. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, पुढे गोल बाजारातून आणलेली पांढऱ्या दोऱ्याची गुंडी, वाटीत हळदीचं पाणी. दोरा बुडवायचा, गाठ, गाठ, गाठ. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"गाठी मारून राहिलो. चौदा."

तुम्ही सगळं सांगितलंत, अगदी सरळ. चावलेला माणूस देवळात आला की त्याला चौदा गाठींचा दोरा बांधतात. मग त्याने दवाखान्यात यायचं. पोटात एक सुई घेतली की तुम्ही एक गाठ सोडायची. चौदा दिवसांनी सगळ्या गाठी सुटल्या की मगच देव त्याला फेरी घालू देतो. मी उभ्या उभ्या पेटले. सरकारचा पगार घेऊन तुम्ही लोकांना गंडेदोरे वाटता, खोटारडे आहात तुम्ही, असं म्हणाले. आई म्हणाली, "पोट्टी, बापाशी बोलून राहिली तू!" तुम्ही म्हणालात, "बोलू दे तिले. कॉलेजात फीस कायची भरतो मग?"

"हे तुमच्याच डोक्यातून निघालं ना?"

तुम्ही जरा थांबलात. मला तो थांबा तेव्हाही दिसला होता. "हव. मीच काढलं."

"मग तुमच्यात आणि त्या बैग्यात फरक काय?" झाडफूक करणाऱ्या बैग्याशी मी तुमची तुलना केली, आईचं लाटणं थांबलं.

"बैग्याले पेन्शन नाही भेटत," तुम्ही म्हणालात आणि पुढची गाठ मारलीत. त्या विनोदाने मी जास्तच चिडले. मंडळातर्फे पेपरात लिहीन म्हणाले. तेव्हा मात्र तुम्ही हातातला दोरा खाली ठेवलात. "लिही. माझं नाव लिही. पण तिथं बसते त्या म्हातारीचं लिहू नको. तिले काही समजत नाही." त्यानंतर तुम्ही मला कधी सोबत नेलं नाही, मीही आले नाही. गाठी तुम्ही माडीवर बसून मारायला लागलात. तीन वर्षांनी तुम्ही गेलात.

आज सकाळी आम्ही निघालो. रस्ता चौपदरी झाला आहे, दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू, मी गाव ओळखलंच नसतं. देऊळ कळलं ते वासाने. गाडीच्या काचा खाली होत्या आणि एकाएकी सगळ्या हवेला धुतलेल्या कपड्यांसारखा वास यायला लागला. पोरीने गाडी बाजूला घेतली. महुआचं झाड तेच. दगडावर आता पत्र्याचं छप्पर आहे. आणि दगडापुढे, बाबा, साबणांचा ढीग. माझ्या कमरेएवढा. गुलाबी, हिरवे, लाल, कपड्याचे पिवळे. त्यात एकही नवा नाही. सगळे झिजलेले, कुणी अर्धा, कुणी नुसती पापडी, कित्येकांवर बोटांचे खोलगट ठसे, आणि खालचे थर एकमेकांत विरघळून एकच रंगीत खडक झालेला. प्रत्येक तुकड्यामागे कुणीतरी इथे बोरिंगपाशी बसून जखम धुतली आहे, हे मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा मी चप्पल काढून उभी होते आणि ती कधी काढली ते मला आठवत नाही.

पुजारीण बाई साठीच्या आसपासची, एका डोळ्यात पांढरा पडदा. बसल्या जागेवरून तिने पहिला प्रश्न केला, "कोन ला काटे हे?" कुणाला चावलंय?

"किसी को नहीं अम्मा, देखने आए हैं."

"देखे बर आय हव त बइठव." बघायला आलात तर बसा.

पोरीने वाटेत घेतलेली साबणाची कोरी वडी पुढे केली. बाईने ती हातानेच मागे सारली. "नवा नइ चलय, नोनी. पहिली घिस, धो, तब चढ़ा."

"पर मुझे तो कुत्ते ने काटा ही नहीं!"

"त अगोर ले," बाई म्हणाली. "कटवा के आबे." थांब मग, चावून घे आणि ये. पोरगी इतकी हसली की झाडावरचे पोपट उडाले. बाई मात्र हसली नाही. नव्या वड्या ती वेगळ्या टोपलीत ठेवते आणि शाळेत पाठवते, असं तिने सांगितलं. हल्ली फोटो काढायला येणारे लोक नवेच आणतात.

तिच्या मांडीवर हळदीच्या दोऱ्यांची जुडी होती. मला राहवलं नाही. म्हणाले, मी कंपाउंडर बाबूंची मुलगी. तिने चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "इस्कूटर वाले?" मी मान हलवली. "तोर बाबू त झगरा करे बर आय रिहिस!"

भांडायला आला होतात म्हणे तुम्ही. तेव्हा ही नवी सून होती, देवळात तिची सासू बसायची. तुम्ही अर्धा घंटा म्हातारीवर ओरडलात, लोक मरून राहिले, तुमच्यामुळे मरून राहिले. म्हातारीने ऐकून घेतलं, तुम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "कै दिन के सूजी?" तुम्ही म्हणालात चौदा दिवसांच्या. तिने तिथल्या तिथे दोरा घेतला, चौदा गाठी मारल्या आणि तुमच्या हातात दिला. रोज एक सुई, रोज एक गाठ, सोडायची तू. सगळ्या सुटल्याशिवाय मी कुणाला आत येऊ देणार नाही.

मी म्हणाले, नाही अम्मा, ते बाबांनी काढलं होतं, ते स्वतः म्हणाले होते. ती आता हसली. "ओला त गाँठ बाँधे बर घलो नइ आवत रिहिस!" त्याला गाठ बांधायलासुद्धा येत नव्हती. सासूने शिकवली. पुढे सासूचे डोळे गेले म्हणून तुम्ही दोरे घरी न्यायला लागलात, आणि तुमच्या गाठी ढिल्या असायच्या अशी सासूची शेवटपर्यंत तक्रार होती.

मी बोरिंगच्या कट्ट्यावर बसले. पोरीने विचारलं, "मम्मी, क्या हुआ?" काय सांगणार? "तिले काही समजत नाही." जिला सगळं समजलं होतं तिच्याबद्दल तुम्ही हे म्हणालात, कारण तुमची मुलगी नाव छापायला निघाली होती, आणि सरकारी माणसाचं काय, फार तर बदली होईल. स्वयंपाकघरातला तो थांबा एवढ्यासाठी होता. मी मात्र तुम्हाला खोटारडं म्हणून गेले, आणि एवढ्या एका बाबतीत तुम्ही खरंच खोटं बोलला होतात, जे मी ओळखलं नाही.

तेवढ्यात माझं लक्ष दोऱ्याकडे गेलं. त्याला चौदा गाठी नव्हत्या. चारच. मी विचारलं तर बाई म्हणाली, पहिली चौदा, मग पाच, आता चार. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी एक माणूस नऊ गाठी शिल्लक असतानाच आला आणि सुया संपल्या म्हणाला. तिने त्याला खोटारडा ठरवलं, हाताला धरून बसमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. नर्सने सांगितलं, औषध बदललं, आता पोटात नाही, दंडात, आणि पाचच. मग ती परत आली, देवासमोर ही गोष्ट मांडली आणि नारळ फोडला. पांढराशुभ्र निघाला. "देव मान गे."

"और खराब निकलता तो?"

"त दूसर फोरतेंव." दुसरा फोडला असता.

पुढे पाचाच्या चार झाल्या तेव्हाही ती स्वतः जाऊन विचारून आली. ह्या चार गाठी सारख्या अंतरावर नाहीत, बाबा. मला वाटलं हात थरथरत असेल. तिने पदराखालच्या टोपलीतले तांदूळ काढून दाखवले. एका दिवसाला एक दाणा. पहिल्या गाठीपासून तीन दाण्यांवर दुसरी, तिथून चार दाण्यांवर तिसरी, आणि तिथून एकवीस दाणे सोडून शेवटची. मी फोनवर तपासलं. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. एका दाण्याचीही चूक नाही. हिला अक्षर वाचता येत नाही. माझ्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेले तक्ते दोन दोन वर्षं बदलत नाहीत, त्यावरून मी किती बैठकांत बोलले आहे. हिने एका देवाचा नियम दोनदा बदलला, तोही अचूक, आणि देवाला राग आला नाही. नर्सला ह्या दोऱ्याचं काय वाटतं, असं मी विचारलं. "हाँसथे," बाई म्हणाली, "फेर गाँठ खोलथे." हसते, पण गाठ सोडते.

आणि मग तिने माझ्यावर एक काम सोपवलं. मंगळवारी ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रायपूरला येते आहे, पुढे महिनाभर मुलीकडे राहील. तिच्यामागे बसणारं कुणी नाही. मागच्या महिन्यात ती तापाने घरी होती त्या दोन दिवसांत एक कुटुंब गाडीतून आलं, मुलीच्या पायाची जखम धुतली, साबण वाहिला आणि समाधानाने निघून गेलं. हे तिला शेजारच्या पानठेल्यावाल्याने सांगितलं. सुईचं कुणी विचारलंच नाही. "ओ नोनी के का होइस, नइ जानंव." त्या मुलीचं काय झालं, माहीत नाही. म्हणून तिला छपराला एक पाटी हवी आहे. पेंटर उद्या दुपारी येणार आहे, पत्रा पांढरा रंगवून ठेवला आहे, फक्त मजकूर नाही. मी वहीत काहीतरी टिपून घेत होते, ते तिने पाहिलं होतं. "तैं लिख दे."

मी तिथेच लिहून वाचून दाखवलं. चिकित्सकीय सलाह के अनुसार, अशी माझी सुरुवात होती. बाई म्हणाली, हे तर दवाखान्यात टांगलंय, तिथे कोण वाचतं? मग मी म्हणाले, तुमच्या सासूबाईंचं नाव घालू, नियम त्यांनी केला, खरं ते लिहू. कंपाउंडरांचंही घालू. तिने जोरात मान हलवली. "नाव लिखबे त मनखे ला तउलहीं. देव ला कोन तउलही?" नाव लिहिलंस तर लोक त्या माणसाला तोलत बसतील, देवाला कोण तोलणार? लिही, देवाचा हुकूम आहे.

परत येताना पोरगी म्हणाली, "लिख दो ना मम्मी. किसका नुकसान है?" मी म्हणाले, खऱ्याचं. ती म्हणाली, "और उस बच्ची का?"

जेवण झाल्यापासून मी लिहिते आहे आणि खोडते आहे. देवाचा हुकूम असं मी कशावरून लिहिणार? हुकूम एका म्हातारीचा होता, तिने तो एका चिडलेल्या माणसाचं ऐकून काढला, आणि तिच्या सुनेने तो बस पकडून दोनदा सुधारला. "इस स्थान का नियम है" असं लिहून पाहिलं. ते खरं आहे, आणि कुत्रा चावून घाबरलेला माणूस ते वाचून पुढे जाईल, सुट्टीत बंद असलेल्या बागेची पाटी वाचावी तसा. मी स्वतःला विचारलं, मला नक्की कशाची भीती वाटते? खोटं लिहिण्याची, की ते लिहिताना मला खोटं वाटणार नाही याची? त्या ढिगापुढे उभी असताना मला जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. इतक्या माणसांनी, एकमेकांना न ओळखता, इतकी वर्षं, जखमा धुतल्या. हे कुणाच्या सांगण्यावरून झालं, असं मला विचारलं तर मी एकाही माणसाकडे बोट दाखवू शकत नाही. तुमच्याकडेही नाही, बाबा.

शेवटी हे ठरलं:

देव का हुकुम. पहले साबुन और बहते पानी से घाव को पंद्रह मिनट धो. आज ही अस्पताल जा, सुई लगवा. जितनी सुई डॉक्टर कहे, सब लगवा. उसके बाद ही फेरी. अधूरी सुई वाले का चढ़ावा देव नहीं लेता.

एक गोष्ट राहिली. तुम्हाला वाटत होतं की पेपरला ते पत्र मी लिहिलंच नाही. मी लिहिलं होतं, पाठवलंही होतं. त्यांनी छापलं नाही. तुमचं नाव त्यात घातलं नव्हतं, तेवढं धैर्य झालं नाही. 'देवळात बसणारी एक अडाणी म्हातारी' असं मात्र लिहिलं होतं, तुम्ही एवढंच नको म्हणाला होतात तरी. आज तिच्या सुनेपुढे तासभर बसले आणि हे तिला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं, आणि मग पाणी प्यायले.

उद्या: अकराच्या आत पेंटरला मजकूर पाठवणे.